केस लागली का, बाई?

भागी,

तू हे वाचणार नाहीस, ठाऊक आहे मला. बसच्या पाट्या तेवढ्या तू अक्षर अक्षर लावत वाचायचीस, आणि हे त्याहून बरंच लांब आहे. तरी सुरुवात तुझ्याकडे तोंड करूनच करते, कारण आमच्या सोसायटीत तुझ्या पाठीमागे बोलणाऱ्या बायका कमी नाहीत. "सीरियल बघून भावाला आत घातलं तिनं," असं जिन्यात उभं राहून म्हणतात आणि हसतात. अर्ध्या माहितीवर हसणारी माणसं मला कधीच सहन झाली नाहीत. म्हणून सगळी गोष्ट सांगते. लोकांना सांगायची म्हणजे तुला 'तू' म्हणून चालायचं नाही, तुझी 'भागीबाई' करावी लागेल. मी त्यात जिथे येईन तिथे नुसती 'बाई' म्हणून येईन, तू हाक मारायचीस तशी. काही चुकलं तर येऊन सांग. जिना तुझ्या पायाखालचा आहे.

भागीबाईचं माहेर हरसूलच्या वरच्या अंगाला, डोंगरात. भात आणि नागली पिकवायची, आणि शेतं रिकामी झाली की घराला कडी घालून मिळेल त्या कामाला खाली उतरायचं, अशी त्या घराची पिढ्यांची रीत. नवरा गेल्यावर भागी नाशकातच राहिली. गंगापूर रोडच्या मागे पत्र्याची खोली घेतली आणि चार घरचा स्वयंपाक धरला. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. "बाई, तुमची भाजी म्हणजे दवाखान्याची भाजी. मिठाशी काय भांडण हाय का?" असं पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि बाईंनी तिला कायमचं ठेवून घेतलं.

तिला मागचा पुढचा म्हणावा असा एकच माणूस, धाकटा भाऊ भिकन. भागीच्या पाठची दोन मुलं पाळण्यात गेली होती. तिसरा झाला तेव्हा त्याला सुपात घालून पाच घरच्या दारात न्यायचं आणि पोरासाठी भीक मागायची, असं ठरलं. मागून आणलेल्या पोराकडे मरणाचं लक्ष जात नाही, अशी समजूत. म्हणून नाव भिकन. आई बाळंतपणानं वाकलेली, तेव्हा सूप धरून पाचही दारांत उभी राहिली ती भागी. फ्रॉकमधली पोर. तेव्हापासून भिकन म्हणजे तिनं मागून आणलेली वस्तू होती. "मागून आणलेला हाय माझा भाऊ. तो असातसा नाय जायचा," असं ती सांगायची. भिकनही तिच्या शब्दाबाहेर नव्हता. लग्न झालं, बायको आली, पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका पॅकहाउसवर टेम्पोचा ड्रायव्हर झाला, तरी केस कापायचे तर आक्काला विचारून.

आता मालिकेचं. रात्री लागायची, पण तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला परत दाखवायचे, आणि भागी त्याच वेळेला बाईंकडे पोळ्या लाटत असायची. एका बड्या घरातल्या सासऱ्याच्या दुधात विष कालवलेलं, आळ धाकट्या सुनेवर, आणि तिला सोडवायला काळा कोट घातलेली एक वकीलबाई. बस, एवढंच. एकच खून दोन वर्षं चालला होता. मेलेला सासरा एकदा जिवंत झाला, मग तो त्याचा जुळा भाऊ निघाला. दर शनिवारी एक दणका बसायचा आणि सोमवारी तो दणका म्हणजे गैरसमज होता असं कळायचं. बाई बी.ए. झालेल्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, मूर्खपणाचा तिटकारा असलेल्या. "अगं, एवढ्यात खऱ्या कोर्टानं जामीन देऊन पुढची तारीखसुद्धा दिली असती," म्हणून ओरडायच्या. आणि दोनला पाच कमी असताना स्वतःच रिमोट शोधायच्या. खोटं कशाला सांगायचं?

मालिकेचं नाव भागीनं कधी घेतलं नाही. ती तिला 'केस' म्हणायची. पायऱ्या चढून आली, पिशवी ठेवली, की पहिला प्रश्न: "केस लागली का, बाई?"

बाईंना चुरस होती ती विष कुणी घातलं ते ओळखायची. भागीला त्याचं काहीच नव्हतं. तिचा जीव गुंतला होता तो पिंजऱ्यात साक्षीदार उभा राहायचा त्या प्रसंगात. विशेषतः घरातली मोलकरीण साक्षीला आली तो भाग. मोलकरीण पदर सावरत उभी राहिली, समोरचा वकील तिच्यावर गुरकावला, आणि काळ्या कोटवालीनं हात वर करून म्हटलं, "साक्षीदाराला बोलू द्या." सगळं कोर्ट गप्प. मग एकेकाच्या तोंडावर तीन तीनदा कॅमेरा, आणि ती बाई सांगतेय आपण त्या रात्री काय पाहिलं. तव्यावरची पोळी करपून धूर झाला तरी भागीला पत्ता नाही.

"काय बघतेस एवढं?" बाई चिडून म्हणाल्या. "पोळीचा कोळसा झाला."

"बाई," भागी म्हणाली, "तिला मधीच कोणी गप बस नाय म्हणलं."

बाईंनी उठून खिडकी उघडली. भागीला आयुष्यभर लोकांनी प्रश्न विचारले होते ते असे: झालं का? उशीर का? मीठ कमी का? तू काय पाहिलंस, असं तिला कुणी विचारल्याचं बाईंना तरी आठवेना.

काळ्या कोटवालीचं आणखी एक वाक्य भागीला पाठ होतं. "साक्षीदार म्हणजे हुकमाचं पान. आधी दाखवलं की गेलं." त्याच आठवड्यात मालिकेतल्या म्हाताऱ्या माळ्यानं पोलीस चौकीवर सगळं खरं सांगून टाकलं होतं, आणि पुढच्या भागात माळीच गायब. "सांगितलंच कशाला याने?" भागी कपाळावर हात मारून म्हणाली. "शेवटपर्यंत धरून ठेवायचं ना!"

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. भिकन आठवडाभर घरी गेला नव्हता, म्हणून एका संध्याकाळी भागी नागलीच्या भाकरी फडक्यात बांधून पिंपळगावला गेली. पॅकहाउसच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ दोघं बसली. भिकन जेवत होता. टेम्पो तिकडे माल चढवायच्या धक्क्याशी उभा, किल्ली आत. टाकीपासून धक्का समोर दिसत होता. भागीनं पाहिलं ते एवढं: पॅकहाउसवाल्या शेठचा पुतण्या राज टेम्पोत चढला. गाडी शिकायची त्याला हौस. टेम्पो गुरगुरला आणि एकदम मागे आला. धक्क्याजवळ पहारेकरी भिमाजी क्रेट मोजत पाठमोरा उभा होता. तो टेम्पो आणि धक्का यांच्यात सापडला. राज ड्रायव्हरच्या दारानं उतरला, दोन्ही हात पँटला पुसले आणि ऑफिसात पळाला.

भिकनच्या हातात घास होता. तो टाकून धावला. त्यानं टेम्पो पुढे घेतला, भिमाजीला उचलून मागे घातलं आणि दवाखान्याकडे सुटला. आता बघा: दवाखान्यात सगळ्यांनी पाहिलं ते काय? टेम्पो चालवत भिकन आला, भिकनच्या सदऱ्याला रक्त. भिमाजी वाटेतच गेला होता. आणि आदल्याच दिवशी गेटवर त्या दोघांची वाजली होती. द्राक्षांच्या टाकाऊ मण्यांची पिशवी भिकन घरी नेत होता, भिमाजीनं अडवली, शिव्या झाल्या, दहा जणांनी ऐकल्या. पोलिसांना आणखी काय लागतं? रागाच्या भरात जाणूनबुजून अंगावर गाडी घातली, असं ठरलं.

पॅकहाउसवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच दारातून कामाला आत जायचं होतं. हवालदार शेठच्या ऑफिसात, शेठच्या खुर्चीत बसून, शेठचाच चहा पीत जबाब घेत होता. शेठ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. भागीची पाळी आली.

"तुम्ही काय पाहिलं?"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, आणि ते असं. भागीनं शेठच्या हाताकडे पाहिलं. तिला माळी आठवला.

"मी काय बघितलं नाय. भाकरी द्यायला आली होती. उशिरा पोचली."

ती मूर्ख होती असं म्हणणाऱ्यांनी त्या खुर्चीसमोर उभं राहून दाखवावं. इथपर्यंत तिचं काही चुकलं असं बाईंनी कधी म्हटलं नाही. पुढचं मात्र तिच्या केसचं शिक्षण होतं. भिकनला जीपमध्ये बसवत होते तेव्हा ती पाणी पाजायच्या निमित्तानं जवळ गेली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "माझं नाव घ्यायचं नाय. एकटाच जेवत होतो म्हण. मी शेवटी येणार हाय."

"आक्का, अगं पण..."

"म्हणलं ना? वकिलाला पण नाय सांगायचं. त्यांचे कारकून फुटतात."

भिकन आक्काच्या शब्दाबाहेर कधी नव्हता. तो म्हणाला, एकटाच जेवत होतो.

मग दोन केसी बरोबरीनं चालू लागल्या. एक दुपारी दोनला बाईंच्या घरात, दुसरी जिल्हा न्यायालयात. भिकनला जामीन मिळाला नाही. तो नाशिकरोडच्या तुरुंगात. त्याची बायको सविता पोरीला घेऊन हरसूलला गेली. भागी प्रत्येक तारखेला कोर्टात जायची, मागच्या बाकावर बसायची, सगळ्या साक्षी ऐकायची आणि धावत गंगापूर रोडला येऊन कणीक मळायची. बाईंना वाटायचं, बिचारीला दुःख विसरायला टीव्ही लागतो. त्यांनी आवाज थोडा वाढवून ठेवायला सुरुवात केली. भागी विसरायला बघत नव्हती, शिकत होती. जाहिराती लागल्या की ओठ हलायचे. "तो म्हणंल, अंधार होता. मी म्हणन, धक्क्यावर दिवा होता."

"काय पुटपुटतेस गं?"

"काय नाय. पाढे."

मग राजच्या साक्षीचा दिवस आला. राज इस्त्रीचा शर्ट घालून पिंजऱ्यात आला आणि म्हणाला, मी ऑफिसात होतो, ओरडा ऐकून बाहेर आलो, तर भिकन टेम्पोतून उतरताना दिसला. भिकनचे वकील किशोरराव उभे राहिले. भला माणूस, मन लावून काम करणारा. पण विचारणार काय? टेम्पो राजनं चालवला हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी उजेड किती होता, अंतर किती होता, असलं काहीबाही विचारलं आणि बसले. भागी मागच्या बाकावर पदराच्या आत मूठ आवळून बसली होती. बोल बेट्या, तिच्या मनात चाललं होतं, बोल अजून. माझं पान अजून हातात हाय.

त्याच दुपारी, पीठ चाळता चाळता, तिनं विचारलं, "बाई, केसमधी खरा साक्षीदार शेवटीच येतो ना?"

बाई शेंगा सोलत होत्या. त्या घरात 'केस' या शब्दाचा अर्थ एकच होता. "मग? आधीच आला तर पुढे चालवणार काय, कपाळ?" त्या म्हणाल्या. "शेवटीच आणणार. त्याच्याशिवाय मजा कशी येणार?"

"तेच म्हणलं," भागी म्हणाली आणि चाळणी आपटून कोंडा काढला. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. भाजीही त्या दिवशी झकास झाली.

सरकारी बाजूचे साक्षीदार संपले. भिकनला न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुला काही सांगायचंय का? तो म्हणाला, मी गाडी चालवत नव्हतो, जेवत होतो. सोबत कोण होतं? त्यानं मागच्या बाकाकडे पाहिलं. कोण नाय, म्हणाला. बचावाचा साक्षीदार? किशोररावांनी उद्या कळवतो म्हटलं, नुसतं म्हणायचं म्हणून, आणि फाईल उचलून व्हरांड्यात आले. भागी तिथे उभीच होती. नवी साडी नेसून.

"साहेब, आता मला लावा."

"कुठे लावू?"

"साक्षीला. मी समदं बघितलंय. टेम्पो राज चालवत होता. भिकन माझ्या समोर बसून भाकरी खात होता."

 किशोररावांनी फाईल बाकावर ठेवली आणि स्वतःही बसले.

"भागीबाई, हे तुम्ही आज सांगताय?"

"शेवटी सांगायचं म्हणून धरून ठेवलं. कोणाला म्हणजे कोणाला कळू नाय दिलं. दोन हंगाम!" तिच्या आवाजात फुशारकी होती.

"अहो, राज पिंजऱ्यात उभा होता, माझ्यासमोर, हातभर अंतरावर." किशोररावांचा आवाज चिरकला. "तेव्हा मला हे माहीत असतं तर त्याला सोललं असतं मी! तू कुठे होतास, किल्ली कुणाकडे होती, हात कशाला पुसलेस! आता त्याला परत कोण बोलावू देणार?"

"तुम्ही नाय विचारलं तरी मी सांगते ना. मी सांगितल्यावर तो आपोआप घाबरंल. पळायला बघंल. मग दारात पोलीस..."

"भागीबाई, तो कोर्टात नसेलच. तो पिंपळगावला द्राक्षं भरत असेल."

भागीला हे पटलं नाही. मालिकेत गुन्हेगार शेवटच्या तारखेला कोर्टात असतोच, तिसऱ्या रांगेत.

तरी त्या भल्या माणसानं अर्ज दिला आणि कोर्टानं तो मंजूर केला. शिपायानं पुकारा केला. भागीबाई पिंजऱ्यात चढली. पदर सावरला, अगदी त्या मोलकरणीसारखा. खरं सांगायचं तर तिनं साक्ष उत्तम दिली. टाकी, धक्का, दिवा, भाकरी, हात पुसलेले, सगळं जिथल्या तिथं. सांगून झाल्यावर ती थांबली. कोर्ट आता दचकणार होतं.

पंखा फिरत होता. दोन वकील मागे कुजबुजत होते, ते दुसऱ्याच कामाचं. टंकलेखक मुलीनं बोटं मोडली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "उलटतपास."

सरकारी वकील गुरकावले नाहीत. तो माणूस सर्दीनं बेजार होता, रुमाल नाकाला लावून सावकाश बोलत होता.

"भागीबाई, हा पोलिसांपुढचा जबाब तुमचाच ना? 'मी काही पाहिले नाही, मी उशिरा पोहोचले.'"

"हो, पण ते..."

"हो की नाही?"

"हो."

"आरोपी म्हणतो, सोबत कोणी नव्हतं."

"मीच सांगितलं त्याला तसं म्हण म्हणून."

"म्हणजे तुम्ही सांगाल तसं तो कोर्टात बोलतो?"

"बोलतो की! लहानपणापासून ऐकतो माझं."

मागे कुणीतरी हसलं. भागीला वाटलं, तिच्या बाजूनं हसलं. तीही थोडी हसली.

"आजपर्यंतच्या सगळ्या तारखांना तुम्ही कोर्टात हजर होता? मागच्या बाकावर? सगळ्यांच्या साक्षी ऐकल्या?"

"एक नाय चुकवली," भागी अभिमानानं म्हणाली. भिकनच्या बाजूला किशोररावांनी डोळे मिटून घेतले.

"भाऊ तुरुंगात असताना इतके दिवस गप्प का राहिलात?"

"खरा साक्षीदार शेवटी येतो."

"कुणी सांगितलं?"

ती पहिल्यांदा अडखळली. मग जे खरं होतं ते म्हणाली. "टीव्हीत."

आता सगळेच हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. सरकारी वकील शिंकले आणि म्हणाले, "मी असं सुचवतो, की भावाला वाचवण्यासाठी तुम्ही खोटं सांगताय."

"खोटं नाय! देवाशप्पथ नाय!"

न्यायाधीशबाईंनी टंकलेखक मुलीला सांगितलं, "घ्या. हे म्हणणे खरे नाही, की मी भावाला वाचवण्यासाठी खोटी साक्ष देत आहे."

कोर्टाची लिहायची ती रीतच आहे. साक्षीदारानं नाकारलं, की असंच उतरवतात. पण भागीच्या कानांनी त्यातलं एवढंच उचललं: 'म्हणणे खरे नाही.' आणि 'खोटी साक्ष देत आहे.' तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला.

"खरं नाय असं का लिहिता? खरं हाय! ओ मॅडम, त्या पोरीला सांगा ना! खरं हाय लिही, बाय माझी!"

"शांत राहा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुमच्याच बाजूचं लिहिलंय."

"माझ्या बाजूचं कसं? मी ऐकलं ना! खोटी म्हणली ती! मी डोळ्यांनी बघितलंय हो! साहेब, उठा ना, हात वर करा ना! साक्षीदाराला बोलू द्या म्हणा!"

किशोरराव उठले. हात वर केला नाही. जवळ जाऊन हळूच म्हणाले, "उतरा, भागीबाई. झालं."

तिचं बोलणं मध्येच तोडलं गेलं ते असं, तिच्याच वकिलाच्या तोंडून. शिपायानं दंडाला धरून तिला खाली उतरवलं. कागदावर अंगठा द्यायला सांगितला तेव्हा ती मूठ उघडेना. किशोररावांनी तो सगळा कागद तिला वाचून दाखवला, प्रत्येक 'हे म्हणणे खरे नाही' समजावून सांगितलं, तेव्हा कुठे तिनं अंगठा उठवला. ती मान हलवत होती, पण तिला पटलेलं नव्हतं.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. सात वर्षं सक्तमजुरी. भागीबाईच्या साक्षीबद्दल निकालात एक परिच्छेद होता. सख्खी बहीण, आधीच्या जबाबाशी विसंगत, मागाहून रचलेली, विश्वास ठेवण्याजोगी नाही. व्हरांड्यात सविता उभी होती, पोर कडेवर. ती ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आक्का, तुमी नुस्तं पहिल्या दिवशी वकिलाच्या कानात सांगितलं असतं, तर?" आणि निघून गेली. पोलिसांनी भिकनला नेताना तो आक्काला शोधत होता. दिसली तेव्हा म्हणाला, "आता शेवट झाला ना, आक्का? आता कधी सोडतील?"

त्याला अजून वाटत होतं की तिचं एखादं पान शिल्लक आहे.

भागी दोन आठवडे कामाला आली नाही. बाईंनी निरोप पाठवले, खोलीवर माणूस पाठवला, कुलूप होतं. मग एके दिवशी दुपार व्हायच्या आत ती दारात उभी राहिली. आत येईना. केस विस्कटलेले, हातात कापडी पिशवी.

"भागी, आत ये. चहा टाकते."

"नको. नाशिकरोडला जायचंय, मुलाखतीचा दिवस हाय. मग हरसूलला. सविताच्या शेतावर राबन, पोर सांभाळन. ती जवळ करो न करो."

"वकील काय म्हणतात?"

"अपील हाय म्हणतात. मुंबईला. तिथं नवीन साक्ष नाय घेत, जुने कागदच बघतात म्हणे." ती थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत उभी राहिली. "बाई, एक काम होतं."

"बोल की."

"उद्या केसचा शेवटचा भाग हाय. संपती केस. तिच्यात पण निकाल उलटा लागलाय ना सुनेच्या? मागल्या आठवड्यात मी शेजारच्या खिडकीतनं बघितलं. फाशीची शिक्षा दिलीय तिला. आता काळ्या कोटवाली वर जाणार, मोठ्या कोर्टात. कसं सोडवते ते नीट बघून ठेवा. काय म्हणती, कोणता कागद काढती. नुस्तं असं तसं नाय, शब्दाला शब्द. मला तिकडं टीव्ही नाय. मी येईन विचारायला."

बाईंच्या ओठावर सगळं आलं होतं. अगं, ते नाटक आहे, लिहिणाऱ्याला जसं सुचेल तसं तो सोडवतो. पण भागीच्या डोळ्यांत जे होतं त्याच्यापुढे हे बोलायची त्यांची छाती झाली नाही.

"शब्दाला शब्द, हां बाई."

"बघते," बाई म्हणाल्या.

भागी जिना उतरली. मधल्या वळणावरून तिनं पुन्हा वर पाहिलं आणि बोटांनी दोन दाखवले. दोन वाजता.

दुसऱ्या दिवशी दोनला बाई रिमोट हातात घेऊन खुर्चीत बसल्या. टीव्ही लावला नाही. शेजारच्या घरातून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू यायला लागलं तशा उठल्या, बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि ओट्यावरची मेथी निवडायला घेतली.

ती सून सुटली की नाही, सुटली तर कशी, ते बाईंनी नंतरही कुणाला विचारलं नाही. आणि भागी विचारायला आलेली नाही.